जर्मन कायदा, फ्रँकफर्ट सीट: ‘आधी क्लेम टाकू, कागद नंतर मिळतील’ हे गणित का चुकतं

तुमचा प्रश्न मला असा कळला. तुमच्या कंपनीने एका जर्मन उत्पादकाकडून पॅकेजिंगची ऑटोमॅटिक लाइन घेतली, कॉन्ट्रॅक्टमध्ये मिनिटाला जेवढे पॅक लिहिलेत त्याच्या दोन तृतीयांशसुद्धा निघत नाहीत, शेवटचा हप्ता तुम्ही अडवून ठेवलाय. कॉन्ट्रॅक्टला जर्मन कायदा, वाद कोर्टाऐवजी आर्बिट्रेशनमध्ये म्हणजे खासगी लवादापुढे, त्याची सीट (लवादाचं कायदेशीर ठिकाण) फ्रँकफर्ट, डीआयएस या जर्मन लवाद संस्थेचे रूल्स, तीन आर्बिट्रेटर, भाषा इंग्रजी. तुमच्या वकिलांची सगळी प्रॅक्टिस कॉमन लॉमधली, म्हणजे इंग्लंड-भारताच्या पद्धतीतली आहे आणि ते म्हणतायत की आधी एक छोटा क्लेम टाकू, मग डिस्कव्हरीत, म्हणजे समोरच्याला त्याचे कागद द्यायला लावून, त्यांचे आतले टेस्ट रिपोर्ट आणि ईमेल काढू, ते हातात आले की क्लेम वाढवू. तुम्ही विचारताय हे चालेल का.

माझं मत सरळ सांगते, नाही चालणार, आणि नुसतं चालणार नाही एवढंच नाही तर ‘छोटा क्लेम’ हाच भाग तुम्हाला सगळ्यात महाग पडू शकतो. पण त्याच्याकडे नंतर येते, आधी कागदांचं.

तुमचा खरा प्रश्न डिस्कव्हरी मिळेल का हा नाहीये. खरा प्रश्न असा आहे की आज, एकही कागद समोरच्याकडून न मिळता, तुमच्या स्वतःच्या कपाटातल्या आणि सर्व्हरवरच्या मटेरियलवर तुम्ही ही केस जिंकू शकता का. सिव्हिल लॉ सिस्टीममध्ये, म्हणजे जर्मनी-फ्रान्ससारख्या पद्धतीत वाढलेला वकील क्लेम लिहायला बसतो तेव्हा तो हाच प्रश्न आधी विचारतो. त्याच्या डोक्यात खटला म्हणजे समोरच्याच्या घरात जाऊन पुरावा शोधणं हा प्रकारच नसतो. ज्याला काही सिद्ध करायचंय त्याने ते स्वतःच्या पुराव्याने करायचं, समोरच्याने स्वतःविरुद्धची शस्त्रं आणून द्यायची नाहीत, या समजुतीवर सगळी इमारत उभी आहे. जर्मन कोर्ट विशिष्ट कागद हजर करायला सांगू शकतं, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम 142 मध्ये तशी सोय आहे, पण कोर्ट ती जपून वापरतं आणि ‘या विषयावरचे सगळे ईमेल द्या’ असल्या मागणीला तिथे जागाच नाही.

आता तुम्ही म्हणाल की आपण कोर्टात नाही, आर्बिट्रेशनमध्ये आहोत. बरोबर, आणि इथे थोडं बरं चित्र आहे. फ्रँकफर्ट सीट म्हणजे जर्मन सिव्हिल प्रोसिजर कोडचं दहावं पुस्तक लागू, कलम 1025 ते 1066, जे 1 जानेवारी 1998 पासून नव्याने लिहिलं गेलं आणि युएन्सिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या 1985 च्या मॉडेल लॉवर बेतलेलं आहे. कोर्टाचे पुराव्याचे नियम ट्रिब्युनलला, म्हणजे त्या तीन आर्बिट्रेटरांच्या मंडळाला बांधत नाहीत, दोन्ही पार्टींना समान वागणूक आणि म्हणणं मांडायची पूर्ण संधी दिली की बाकी प्रोसिजर बरीचशी मोकळी असते. डीआयएसच्या 2018 च्या रूल्समध्ये तर ट्रिब्युनल स्वतःहून कागद मागवू शकतं, एक्स्पर्ट नेमू शकतं, कुठल्याच पार्टीने न बोलावलेला साक्षीदारही तपासू शकतं. म्हणजे अधिकार आहेत. प्रश्न वापराचा आहे, आणि वापर अवलंबून असतो समोर बसलेल्या तीन माणसांवर. ती कुठे शिकली, कुठे प्रॅक्टिस केली, त्यांना काय स्वाभाविक वाटतं यावर.

माझ्या अनुभवात इंटरनॅशनल मॅटर असेल तर बहुतेक वेळा पहिल्या प्रोसिजरल ऑर्डरमध्ये आयबीए या आंतरराष्ट्रीय वकील संघटनेचे पुराव्याचे नियम, म्हणजे आता 2020 ची आवृत्ती, ‘मार्गदर्शक म्हणून’ घेतले जातात. त्यात कागद मागता येतात पण तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुम्ही नेमका कुठला कागद किंवा कुठला अरुंद, ठरावीक गट मागताय, तो केससाठी संबंधित आणि निकालासाठी महत्त्वाचा कसा आहे, आणि तो तुमच्याकडे नाही पण त्यांच्याकडे आहे असं तुम्हाला का वाटतं. सगळ्या मागण्या एका तक्त्यात टाकायच्या, त्यात समोरच्याचा आक्षेप, तुमचं उत्तर आणि ट्रिब्युनलचा निर्णय असे रकाने, त्याला रेडफर्न शेड्यूल म्हणतात. सिव्हिल लॉ ट्रिब्युनलसमोर मी दहाबारा मागण्यांवर जात नाही. एका मॅटरमध्ये माझ्या सहकाऱ्यांनी साठेक मागण्यांचा तक्ता टाकला होता, प्रिसायडिंग आर्बिट्रेटरने त्यातल्या मोजक्या चार मंजूर केल्या आणि त्या अशा होत्या की ज्यात आम्ही तारीख, मीटिंग आणि कागदाचं नाव दिलं होतं. बाकीच्यांनी नुसता त्यांचा वेळ गेला आणि आमच्याबद्दलचं मत बिघडलं, जे नंतर सुधारायला फार कष्ट पडले.

आणि समोरची पार्टी आयबीएला विरोध करून प्राग रूल्स मागू शकते हेही लक्षात ठेवा. ते डिसेंबर 2018 मध्ये आले, मुद्दाम सिव्हिल लॉच्या पद्धतीने लिहिलेले, आणि त्यात सरळ म्हटलंय की कागद हजर करायला लावण्याचा प्रकार शक्यतो टाळावा, ई-डिस्कव्हरी धरून. उत्पादकाचा वकील हे मागणार हे मी जवळजवळ धरून चालते कारण त्याच्या अशिलाकडे टेस्ट रिपोर्ट आहेत आणि तुमच्याकडे नाहीत. हा वाद केस मॅनेजमेंट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे प्रोसिजर आणि तारखा ठरवायच्या पहिल्या बैठकीत होतो, डीआयएसमध्ये ती ट्रिब्युनल बसल्यापासून साधारण 21 दिवसांत घ्यायची असते, म्हणजे फार लवकर, आणि तिथे तयारी न करता गेलात तर पुढची सगळी मॅच तुम्ही समोरच्याच्या मैदानावर खेळता. तेव्हा कागदांच्या मागणीचा एक राउंड, ठरलेली तारीख आणि आयबीएचे निकष, एवढं पहिल्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

कागद न मिळताही एक गोष्ट तुमच्या बाजूने असते जी कॉमन लॉवाले विसरतात. जर्मन कायद्यात ज्याच्यावर पुराव्याचा भार आहे तो घटनेच्या बाहेर असेल आणि आतली माहिती फक्त समोरच्याकडे असेल, तर समोरच्याला नुसतं ‘नाकारतो’ म्हणून चालत नाही, त्याला तपशिलात उत्तर द्यावं लागतं, दुय्यम भार म्हणा हवं तर. नाही दिलं तर तुमचं म्हणणं मान्य धरलं जाऊ शकतं. म्हणून मी क्लेममध्ये असं लिहिते की अमुक तारखेच्या फॅक्टरी टेस्टमध्ये लाइन किती स्पीडने चालली, किती वेळ चालली, कुठल्या फिल्मवर चालली हे उत्पादकाला माहिती आहे, त्याने सांगावं. कागद मागत नाही, उत्तर मागते. हे त्या ट्रिब्युनलच्या कानाला ओळखीचं वाटतं.

आता छोट्या क्लेमचं, आणि इथे कृपया थांबून वाचा.

जर्मन कायद्याने विकलेल्या मालातल्या दोषाबद्दलचे क्लेम साधारणपणे माल मिळाल्यापासून दोन वर्षांत मुदतबाह्य होतात, सिव्हिल कोड म्हणजे बीजीबीचं कलम 438. दोष कळल्यापासून नाही, डिलिव्हरीपासून. उत्पादकाने दोष कपटाने लपवला असेल तर वेगळी आणि लांब मुदत लागते, पण ते कपट तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आर्बिट्रेशन सुरू केलं की मुदत थांबते, कलम 204. पण ती थांबते तुम्ही जेवढा क्लेम टाकला तेवढ्यापुरतीच! म्हणजे नुकसान दहा युनिट आणि तुम्ही ‘सध्या’ म्हणून एक युनिटचा क्लेम टाकला, तर एक युनिटची मुदत थांबली आणि उरलेल्या नऊची घड्याळं चालूच राहिली. कागद मिळवून वर्षभराने क्लेम वाढवायला जाल तेव्हा समोरचा फक्त एवढंच म्हणेल की बाकीचं मुदतबाह्य आहे, आणि त्याचं बरोबर असेल. तुमच्या वकिलांना हे माहीत नसणं समजण्यासारखं आहे, पण परिणाम भोगणार तुमची कंपनी.

शिवाय आर्बिट्रेशन ‘सुरू’ कधी झालं हेही बघा. प्रोसिजर कोडच्या कलम 1044 प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर, समोरच्याला तुमची रिक्वेस्ट मिळाली तो दिवस. इन्स्टिट्यूशनच्या रूल्समध्ये वेगळा दिवस धरलेला असू शकतो, तेव्हा डीआयएसच्या रूल्समधलं ते कलम तारखेच्या आधी शांतपणे वाचा. मी स्वतः शेवटच्या आठवड्यापर्यंत कधीच जात नाही.

आकडा अजून पक्का नसेल तर काय? तीन वाटा आहेत. एक, नुकसानीचा आकडा जास्तीत जास्त अंदाजाने पण आधारासकट टाका आणि पुढच्या नुकसानीसाठी जबाबदारी जाहीर करून मागा. दोन, सप्लायरकडून लेखी घ्या की तो अमुक तारखेपर्यंत मुदतीचा मुद्दा उचलणार नाही, जर्मन कायद्यात मुदत कराराने वाढवता येते आणि तिथल्या कंपन्यांना ही विनंती नवी नसते, बोलणी चालू असतील तर बहुतेक वेळा देतात सुद्धा. तीन, बोलणी चालू असताना मुदत आपोआप थांबते, कलम 203, पण मी यावर एकट्यावर कधी विसंबत नाही कारण बोलणी नेमकी कधी सुरू झाली आणि कधी संपली यावरच मग वेगळी भांडणं होतात. दुसरी वाट सगळ्यात स्वस्त. आजच मागा.

पुढचा मुद्दा तक्रारीचा. कॉन्ट्रॅक्टमध्ये नुसतं ‘जर्मन कायदा’ लिहिलं असेल आणि तुम्ही दोघं वेगवेगळ्या देशांतले असाल तर बहुतेक वेळा 1980 ची व्हिएन्ना विक्री कन्व्हेन्शन, सीआयएसजी, लागू होते, कारण ती 1991 पासून जर्मन कायद्याचाच भाग आहे. ती नको असेल तर तसं वगळावं लागतं. कित्येक कॉन्ट्रॅक्टमध्ये ती स्पष्ट वगळलेली असते म्हणून क्लॉज परत वाचा, कारण यावर पुढचं बरंच काही बदलतं. सीआयएसजीत माल लवकरात लवकर तपासायचा, दोष कळल्यावर किंवा कळायला हवा होता तेव्हापासून वाजवी वेळात दोषाचं स्वरूप सांगून नोटीस द्यायची, आणि काही झालं तरी माल ताब्यात आल्यापासून दोन वर्षांची बाहेरची मर्यादा. सीआयएसजी नसेल तर कमर्शियल कोडचं कलम 377, ते आणखी कडक, व्यापाऱ्याने विनाविलंब तपासायचं आणि विनाविलंब कळवायचं, नाहीतर माल स्वीकारला असं धरलं जातं. तुमचा दोष खरा असूनही केस इथेच मरू शकते. मी अशी फाईल पाहिलीय जिच्यात मशीन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बिघडलेलं होतं पण पहिलं लेखी पत्र पाच महिन्यांनी गेलं होतं, त्याआधी सगळं फोनवर आणि साइटवर तोंडी, आणि तोंडी बोललेलं सिद्ध करता करता आमचा निम्मा पुरावा खर्ची पडला. तेव्हा तुमची पहिली लेखी तक्रार शोधा, ईमेल असेल, सर्व्हिस तिकीट असेल, ज्यात ‘स्पीड येत नाही’ हे नेमकं लिहिलंय. ‘मशीन नीट चालत नाही’ एवढ्यावर समोरचा म्हणणार की दोषाचं स्वरूप सांगितलंच नव्हतं.

आता तुमच्या हातातल्या कागदांकडे. अशा ट्रिब्युनलला मी काय दाखवते, महत्त्वाच्या क्रमाने. सगळ्यात वर कॉन्ट्रॅक्ट आणि त्याला जोडलेलं टेक्निकल स्पेसिफिकेशन, कारण स्पीड कुठल्या परिस्थितीत मोजायचा हे तिथे असतं, कुठली फिल्म, कुठला साइझ, किती तास सलग. मग एफएटी आणि एसएटीचे प्रोटोकॉल, म्हणजे त्यांच्या फॅक्टरीत आणि तुमच्या साइटवर घेतलेल्या चाचण्यांचे सही केलेले कागद. मग मशीनचा स्वतःचा डेटा, पीएलसी म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमधले लॉग, शिफ्टवार उत्पादन, थांब्यांची कारणं. मग त्यांच्या सर्व्हिस इंजिनिअरचे व्हिजिट रिपोर्ट, जे त्यानेच लिहिलेले आणि तुमच्या माणसाने सही केलेले असतात, हे बरेचदा सोन्यासारखे निघतात कारण इंजिनिअर भाबडेपणाने खरं लिहून जातो. आणि शेवटी साक्षीदार.

साक्षीदार शेवटी का, तर सिव्हिल लॉत तयार झालेला आर्बिट्रेटर घटनेच्या वेळच्या कागदाला माणसाच्या आठवणीपेक्षा जास्त वजन देतो. जर्मन कोर्टात तर कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधी साक्षीदार म्हणून घेतलाच जात नाही, तो ‘पार्टी’ धरला जातो. आर्बिट्रेशनमध्ये आयबीएच्या नियमांनी पार्टीचा अधिकारीही साक्ष देऊ शकतो, पण त्या सवयीची छाया राहते, डायरेक्टर काय म्हणतो यापेक्षा लाइनवर उभा असलेला मेंटेनन्सचा माणूस काय म्हणतो हे ते जास्त लक्ष देऊन ऐकतात. तुमच्या वकिलांना सांगा की उलटतपासणीवर केस बांधू नका. प्रश्न आधी ट्रिब्युनलच विचारेल, पुष्कळदा प्रिसायडिंग आर्बिट्रेटर सगळी फाईल वाचून येतो आणि पहिल्या अर्ध्या तासात मुद्द्याचं सगळं विचारून टाकतो, मग दोन्ही बाजूंना थोडाच वेळ उरतो.

यामुळेच पहिलं लेखी म्हणणं पूर्ण असावं लागतं. प्रत्येक विधानाला तारीख, माणूस, ठिकाण, आणि त्याच्याच खाली पुरावा, ‘एक्झिबिट अमुक’ किंवा ‘साक्षीदार तमुक’. जर्मनांना हे इतकं अंगवळणी पडलंय की विधान आहे पण पुरावा जोडलेला नाही असं दिसलं की ते विधान त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यासारखंच. ‘मशीनमुळे आमचं मोठं नुकसान झालं’ हे वाक्य शून्य किमतीचं. ‘मार्च ते जूनमध्ये इतक्या शिफ्टमध्ये इतके पॅक कमी निघाले, ही शिफ्ट रजिस्टर, या या ऑर्डर दुसरीकडून पूर्ण करून घ्याव्या लागल्या, ही त्यांची बिलं’ हे चालतं.

एक्स्पर्टबद्दल थोडं. तुम्ही तुमचा एक्स्पर्ट नेमाल, ते ठीक, पण जर्मन डोक्याला पार्टीने आणलेला एक्स्पर्ट म्हणजे पार्टीचंच शिकून आलेलं म्हणणं वाटतं, त्यांचा विश्वास ट्रिब्युनलने नेमलेल्या माणसावर जास्त. प्रोसिजर कोडच्या कलम 1049 मध्ये तशी नेमणूक आहेच. म्हणून मी एक गोष्ट नेहमी करते: मशीनमध्ये काहीही बदल करायच्या आधी सप्लायरला लेखी बोलावते की अमुक दिवशी संयुक्त टेस्ट घेऊ, या या अटींवर, तुमचा माणूस पाठवा. आला तर दोघांच्या सहीचा प्रोटोकॉल मिळतो, नाही आला तर त्याचं न येणं फाईलवर राहतं. तुम्ही मात्र घाईत दुसऱ्या कंपनीकडून लाइन दुरुस्त करून घेतलीत तर पुरावाच नाहीसा होतो, आणि दुरुस्तीची संधी उत्पादकाला आधी दिली नाही म्हणून वेगळं दुखणं. दुरुस्तीसाठी वाजवी मुदत देणारं पत्र गेलंय का? बीजीबीत करार मोडून पैसे परत मागायचे किंवा नुकसानभरपाई म्हणून दुसरीकडून काम करून घ्यायचं तर बहुतेक वेळा ती मुदत दिलेली लागते. सीआयएसजीत करार रद्द करायला मूलभूत भंग लागतो, आणि दोन तृतीयांश स्पीड हा मूलभूत भंग आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल, स्पेसिफिकेशनमध्ये त्या आकड्याला किती महत्त्व दिलंय त्यावर ठरेल. मी असते तर ‘लाइन परत घ्या’ यापेक्षा किंमत कमी करणं आणि शिवाय नुकसानभरपाई ही मागणी पुढे ठेवली असती.

इथवरचं एकदा गोळा करून सांगते कारण लांब झालंय: समोरच्याच्या कागदांची आशा कमी ठेवा पण पहिल्या कॉन्फरन्समध्ये मोजक्या मागण्यांची दारं उघडी ठेवा, मुदतीचं लेखी आजच घ्या, तुकड्याचा क्लेम टाकू नका, तक्रारीचा पहिला कागद शोधा, संयुक्त टेस्ट होईपर्यंत मशीनला हात लावू नका.

ट्रिब्युनलच्या वागण्याची एक गोष्ट तुम्हाला दचकवेल. मध्येच कधीतरी प्रिसायडिंग आर्बिट्रेटर म्हणेल की आमचं प्राथमिक मत असं असं आहे, नोटिशीच्या मुद्द्यावर क्लेमंट (क्लेम टाकणारा) अडचणीत दिसतो, रकमेच्या मुद्द्यावर रिस्पॉन्डंट (समोरचा), तुम्ही तडजोडीचा विचार करा. कॉमन लॉच्या माणसाला वाटतं की यांनी आधीच ठरवून टाकलं, हे बायस्ड आहेत, आव्हान द्या. तसं नसतं हो. जर्मन न्यायाधीशाला पार्टीला मुद्दे दाखवून द्यायचं कायद्यानेच बंधन आहे, प्रोसिजर कोडचं कलम 139, आणि खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर तडजोडीचा प्रयत्न करणंही त्याच्याकडून अपेक्षित असतं. आर्बिट्रेटर तीच सवय घेऊन येतात, डीआयएसचे रूल्सही कुठल्या पार्टीचा विरोध नसेल तर ट्रिब्युनलने तडजोडीला उत्तेजन द्यावं असंच सांगतात. प्राथमिक मत देण्याआधी सगळ्यांची संमती घेतली जाते, तेव्हा संमती द्यायची का हे तुमच्या हातात आहे. मी सहसा देते. कारण त्या दिवशी कळतं की कुठला मुद्दा त्यांना पोचलाच नाहीये, आणि अजून एक लेखी म्हणणं बाकी असेल तर तो दुरुस्त करायला वेळ असतो. तडजोड झाली तर ती अवॉर्डच्या, म्हणजे ट्रिब्युनलच्या निकालाच्या रूपात नोंदवून घेता येते, कलम 1053, म्हणजे पैसे आले नाहीत तर परत पहिल्यापासून भांडायला नको.

मात्र प्रोसिजरमध्ये खरंच काही चुकलं, तुमचा साक्षीदार घेतला नाही, उत्तराला वेळ दिला नाही, तर तिथल्या तिथे लेखी आक्षेप नोंदवा. कलम 1027 प्रमाणे चूक माहीत असून गप्प बसलात तर नंतर ती उकरता येत नाही. अवॉर्डविरुद्ध अपील नाही, फक्त रद्द करायचा अर्ज, तोही अवॉर्ड मिळाल्यापासून तीन महिन्यांत, वरच्या रिजनल कोर्टात, आणि त्यात पुराव्याचं मूल्यमापन चुकलं म्हणून काहीच मिळत नाही.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. हरणारा खर्च देतो, आणि सहसा प्रमाणात. म्हणजे तुम्ही तिप्पट मागितलं आणि एक तृतीयांश मिळालं तर तुम्ही ‘जिंकलात’ असं कोणी म्हणणार नाही, दोन तृतीयांश खर्च तुमच्याकडे येण्याची भीती खरी आहे. त्यामुळे वर मी जास्तीत जास्त आकडा टाका म्हटलं त्याचा अर्थ फुगवा असा नाही, आधार देता येईल तेवढा पूर्ण टाका असा आहे. पार्टीने किती शिस्तीत केस चालवली हेही डीआयएसमध्ये खर्च ठरवताना बघतात, तेव्हा साठ मागण्यांचा तो तक्ता इथेही नडतो.

एक चांगली बातमी. तुम्ही लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टमध्ये नुकसानभरपाई किमतीच्या पाच टक्क्यांवर बांधलीय म्हणून भांडून उपयोग आहे का. तो क्लॉज सप्लायरच्या छापील अटींमधला असेल, म्हणजे तो अनेक ग्राहकांना हेच लावत असेल आणि तुमच्याशी त्यावर खरी घासाघीस झाली नसेल, तर जर्मन कायदा छापील अटींची तपासणी दोन व्यापाऱ्यांमध्येसुद्धा करतो आणि कडक करतो. कराराच्या मुळाशी असलेल्या जबाबदारीचा भंग असेल तर इतकी खालची मर्यादा टिकणं कठीण असतं, आणि क्लॉज पडला की पूर्ण पडतो, ट्रिब्युनल त्याला कापून वाजवी करून देत नाही. जर्मन कंपन्या पुष्कळदा स्विस कायदा निवडतात त्याचं एक मोठं कारण हेच आहे. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टच्या ड्राफ्टच्या देवाणघेवाणीचे ईमेल जपा, त्या क्लॉजवर चर्चा झाली होती की नाही हे तिथेच दिसेल. चर्चा होऊन तुम्ही बदल्यात काही मिळवलं असेल तर मात्र हा मुद्दा बराच ढिला पडतो.

इन्स्टॉलेशन करणाऱ्या त्यांच्या सबसिडरीलाही (उपकंपनीलाही) ओढायचं का असं तुमचं शेवटचं वाक्य होतं. तिने आर्बिट्रेशन क्लॉजवर सही केली नसेल तर फ्रँकफर्टला ते अवघड आहे. पॅरिसला हेच वेगळं झालं असतं, तिथे 1982 च्या डाऊ केमिकल अवॉर्डपासून, कॉन्ट्रॅक्टमध्ये प्रत्यक्ष भाग घेतलेल्या ग्रुप कंपनीला क्लॉज लागू होऊ शकतो हा विचार रुजलेला आहे. फ्रेंच कोडमध्ये तर ट्रिब्युनल कागद हजर न केल्यास दंडाच्या धाकानेही आदेश देऊ शकतं. म्हणून ‘सिव्हिल लॉ’ म्हणजे सगळीकडे एकच असं धरू नका, मी इथे जे लिहिलं ते जर्मन कायदा आणि जर्मन सीट यांच्यापुरतं आहे. तुमच्या केसमध्ये मी सबसिडरीला पार्टी करणार नाही, तिच्या इंजिनिअरला साक्षीदार म्हणून मागेन. तो येत नसेल तर ट्रिब्युनलच्या संमतीने कोर्टाची मदत मागता येते, पण तो जर्मनीबाहेर असेल तर ती वाट लांब आहे.

वकील बदला असं मी म्हणत नाही. तुमच्या वकिलांना तुमचा धंदा माहीत आहे, ते राहू देत, पण जर्मन कायद्याचा एक प्रॅक्टिशनर बरोबर घ्या आणि आर्बिट्रेटर सुचवण्याआधी घ्या, कारण तुमच्या बाजूचा आर्बिट्रेटर जर्मन कॉन्ट्रॅक्ट लॉ जाणणारा आणि इंटरनॅशनल मॅटर केलेला असा दोन्ही असावा लागतो. तुमच्यासाठी परकी असलेली पद्धत ज्याला आतून कळते असा एक माणूस टेबलाच्या त्या बाजूला असला की फार फरक पडतो.

आता मला दोन गोष्टी कळल्या तर पुढचं नेमकं सांगता येईल. शेवटची डिलिव्हरी कुठल्या तारखेची, आणि एसएटीच्या प्रोटोकॉलवर तुमच्या माणसाने सही करताना स्पीडबद्दल काही शेरा लिहिला होता की नुसती सही केली. नुसती सही असेल तरी सगळं संपलेलं नाही, पण दोष दाखवायचा भार मग पूर्ण तुमच्यावर येतो आणि संयुक्त टेस्ट या महिन्यातच लावायला हवी.